ताप नेमका कोणत्या जंतूचा?

‘विडाल पॉझिटिव्ह’ असा कागद हाती पडला की टायफॉइड ठरला, ही समजूत यवतमाळ जिल्ह्यातच काय, साऱ्या महाराष्ट्रात घट्ट बसली आहे. विडाल तपासणी 1896ची. ती जंतू शोधत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे मोजते. पहिल्या आठवड्यात ती बहुधा पुरेशी वाढलेली नसतात. उलट जुन्या संसर्गाची प्रतिपिंडे रक्तात रेंगाळत असतात. त्यामुळे एकाच वेळच्या विडालवर निदान करणे म्हणजे अंदाज बांधणे. टायफॉइडचा खरा पुरावा म्हणजे रुग्णाच्या रक्तातून वाढवलेला त्याचा जंतू, साल्मोनेला, आणि तो मिळण्याची शक्यता पहिल्याच आठवड्यात सर्वाधिक असते. तीही रक्त अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घेतले असेल तर.

जंतू ओळखण्याची पहिली पायरी रंगाची. डॅनिश वैद्य हान्स ख्रिश्चन ग्राम याने 1884 साली प्रसिद्ध केलेली पद्धत आजही प्रयोगशाळांत रोज वापरली जाते. जांभळा रंग, आयोडीन, मग अल्कोहोलने धुणे आणि शेवटी लाल रंग. ज्यांचे कवच जाड ते जांभळे राहतात, पातळ कवचाचे गुलाबी दिसतात. गळवाच्या पुवात जांभळ्या गोलाणूंचे घोस दिसले तर स्टॅफिलोकोकसचा संशय येतो. साखळ्या दिसल्या तर स्ट्रेप्टोकोकसचा. हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकताच बुडबुडे आले तर पहिला, नाही आले तर दुसरा. घसादुखीतल्या स्ट्रेप्टोकोकसकडे दुर्लक्ष झाले तर पुढे मुलांच्या हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात, म्हणून हा फरक नुसता वर्गीकरणापुरता नाही.

आतड्यातले गुलाबी दंडाणू सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारखेच दिसतात. तिथे वाढीचे माध्यम मदतीला येते. मॅकॉन्की माध्यमावर लघवीच्या संसर्गातला ई. कोलाय लॅक्टोज पचवून गुलाबी वसाहती करतो. साल्मोनेला आणि हगवणीचा शिगेला रंगहीन राहतात. क्षयाच्या जंतूचे कवच मेणचट असल्याने ग्रामचा रंग त्याला नीट लागत नाही. त्याला वेगळा रंग द्यावा लागतो आणि माध्यमावर वाढायला तो कित्येक आठवडे घेतो. आता सीबीनॅट यंत्र सुमारे दोन तासांत बेडक्यातला क्षयजंतू आणि रिफाम्पिसिनला असलेला त्याचा प्रतिकार, दोन्ही दाखवते.

खरी पंचाईत होते ती रंग आणि माध्यम या दोन्ही पायऱ्यांवर न सापडणाऱ्या जंतूंची. ओरिएन्शिया सुत्सुगामुशी हा स्क्रब टायफसचा जंतू पेशीच्या आतच वाढतो. त्यामुळे नेहमीच्या ग्राम रंगात तो दिसत नाही आणि साध्या माध्यमावर उगवतही नाही. 2018च्या पावसाळ्यात विदर्भात, विशेषतः नागपूर भागात, त्याचा उद्रेक झाला तेव्हा हे नाव बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकले. चिगर, म्हणजे एका अतिसूक्ष्म कोळीवर्गीय किड्याची सहा पायांची अळी, चावली की हा जंतू शरीरात शिरतो. उंदीर, दाट गवत आणि ओल असली की चिगरची सोय होते. आणि यवतमाळात धुऱ्यावरचे गवत आहे, पुसद-उमरखेडकडचा डोंगराळ भाग आहे, पांढरकवड्याकडचे जंगल आहे. निंदणाला बसलेल्या बाईला चावा कळतही नाही. ताप बहुधा आठ-दहा दिवसांनी येतो.

इथे डॉक्टरांचे डोळेच पहिली तपासणी करतात. काखेत, जांघेत, स्तनाखाली सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली असेल तर निदान जवळजवळ झालेच. ती दुखत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. सावळ्या कातडीवर चटकन दिसत नाही, आणि प्रत्येकाला असतेच असेही नाही. मग रक्ताची एलायझा किंवा पीसीआर करावी लागते. पण अहवाल येईपर्यंत थांबणे धोक्याचे, कारण उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि मेंदूपर्यंत आजार जातो. टायफॉइडसाठी सर्रास दिले जाणारे सेफ्ट्रियाक्झोन या जंतूवर चालत नाही. डॉक्सिसायक्लिन चालते, आणि बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. म्हणजे चुकीच्या नावाने महागडी सलाइन चढत राहते आणि स्वस्तातली गोळी कपाटातच राहते.

पावसाळ्यात किंवा त्यानंतर ताप आला तर शेतात, गवतात, जंगलात गेल्याचे आपण होऊन सांगा, अंगावरची खपली दाखवा आणि डॉक्टरांना विचारा, ‘सुई देण्याआधी तपासणीला रक्त घेता का?’