तीन पिढ्यांची पुंजी

जळगाव जिल्ह्यातील वाकोद येथे १९३७ साली शेतकरी कुटुंबात जन्मलेले भवरलालजी जैन कायद्याचे पदवीधर होते. प्रशासकीय सेवेत निवड होऊनही तो मान बाजूस सारून त्यांनी १९६३ साली जळगावी रॉकेलविक्रीचा व्यवसाय आरंभिला. भांडवल अवघे ७,००० रुपये. परंतु ती तीन पिढ्यांची बचत होती. व्यवसाय बुडता, तर तिघांचेही कष्ट बुडाले असते.

हातगाडीवरील या विक्रीस पुढे शेतीपयोगी मालाच्या एजन्सींची जोड मिळाली. गिऱ्हाईक शेतकरी असल्याने त्याची गरज हीच पुढील वाट ठरली. १९७८ साली केळीच्या भुकटीचा जुना कारखाना घेऊन तेथे पपईच्या चिकापासून पपेन काढण्यास प्रारंभ झाला. त्यानंतर पीव्हीसी पाइप व ठिबक सिंचन आले. २००८ साली त्यांना पद्मश्री लाभली. २०१६ साली ते निवर्तले.

अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत आपल्या शास्त्रकारांनी खोटी मापे व भेसळ यांची गणना केली आहे. नव्या व्यावसायिकास भांडवल वडीलधाऱ्यांकडून मिळू शकते. बाजारातील पत मात्र त्याने प्रत्येक मापागणिक स्वतःच कमवावयाची असते.