बारा फोटोंचं गाव

आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत एक खाकी पाकीट आहे. त्यावर नानांच्या अक्षरात 'मे ७६' एवढंच लिहिलेलं. आत निगेटिव्हच्या चार पट्ट्या, एकेका पट्टीत तीन चौकोन. भीमेच्या डाव्या काठावर, करमाळा तालुक्यात आमचं जे गाव होतं, त्याचे एवढेच फोटो. शेदोनशे उंबऱ्यांचं गाव बारा चौकोनांत.

आता तिथं उजनीचं पाणी आहे. सरकारी नाव यशवंतसागर. धरणाची पायाभरणी १९६६ सालची, काम पुरं झालं १९८० ला. मधली चौदा वर्षं आमच्याकडं 'आज उठायचं का उद्या' यातच गेली. एकूण साठा ११७ टीएमसी. त्यातलं जवळजवळ ६४ टीएमसी म्हणजे मृतसाठा, तो कालव्याच्या तोंडाच्याही खाली असतो. म्हणजे या धरणात जिवंत पाण्यापेक्षा मेलेलं पाणी जास्त. आमचं गाव त्या मेल्या पाण्यात.

लोकांनी नको का म्हटलं नाही, असं आता पोरं विचारतात. पोरांनी १९७२ पाहिलेलं नाही. त्या साली आमच्या घरची बाप्ये-बाया सगळी दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि लेकरं सुकडीवर जगत होती. अशा माणसाला कुणी म्हटलं की सोलापूर जिल्ह्याला पाणी येणार, तर तो नको कसं म्हणेल? आणि १९७६ तर आणीबाणीचं. बोलायचीही चोरी होती.

त्या वर्षी आखितीला सगळ्यांनी गावी यायचं, असं थोरल्या बापूंचं पोस्टकार्ड आलं. आखितीला आमच्याकडं पितरांच्या नावानं करा पुजतात, पाणी देतात, आंबा त्या दिवशी पहिल्यांदा तोंडाला लावतात. 'या घरातली ही शेवटची आखिती, कोणी मागं राहू नये,' असं कार्डात होतं. मी अकरा वर्षांचा होतो. दादा म्हणजे माझे वडील पुण्याला कारखान्यात होते, धाकटे चुलते नाना आमच्याजवळच राहून नोकरी करत. नानांनी मित्राचा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा मागून आणला. काळा, खोक्यासारखा. वर ऊन आणि ढगाची चित्रं, मागं एक तांबडी खिडकी. रोल फिरवला की त्या खिडकीत आकडा सरकायचा. बारा आकडे संपले की संपलं.

पॅसेंजरनं उतरून बैलगाडीनं गावात पोचलो तर अर्धी भावकी आधीच आलेली. रात्री धाब्यावर ओळीनं अंथरुणं पडली. मी मोजली होती, एकेचाळीस माणसं. खाली परड्यात बैल खुळखुळ करत होते आणि वर बापू, दादा, नाना नव्या गावठाणाचं बोलत होते. कुणाला कुठं जमीन मिळणार, किती खणांचं घर धरणार. आवाज चढले नव्हते. मला ते नीट आठवतं, कारण पुढं ते तिघं असे कधी बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नानांनी फोटोला सुरुवात केली. त्यांचा हिशोब पक्का होता. पहिला फोटो मारुतीच्या देवळापुढं सगळ्या बाप्यांचा, पटके बांधून. दुसरा बापूंचा, खिलारी जोडीसंगट. तिसरा बायकांचा, डोईवरचा पदर इतका पुढं की कोण कोण ते आजही ओळखू येत नाही. मग लेकरं गाडीत, नवे जावई, घाटावर आत्या, असं करत अकरा झाले. प्रत्येक फोटोआधी ताटकळणं, केस विंचरणं, 'हलू नगा' म्हणून नानांचं ओरडणं.

आजी काही केल्या उभी राहीना. फोटो काढला की आयुष्य घटतं, हे तिचं एक. पण नाना फारच मागं लागले तेव्हा ती म्हणाली,

"माझा कशापायी काढतूस? मी येनारच हाय तुमच्यासंगं. भितीचा काढ. भित न्हाई यायची."

सगळे हसले. नाना म्हणाले, "आई, भिंतीवर कोण रोल घालवतं व्हय!"

बारावा फोटो राहिला होता. नाना जेवायला बसले आणि कॅमेरा माझ्या हाती आला. आजीचं बोलणं डोक्यात होतंच. मी अंगणात गेलो आणि घराकडं तोंड करून खटका दाबला. कुणी माणूस नाही, नुसतं घर. नानांनी पाठीत एक धपाटा घातला. चिडून भर उन्हातच रोल काढला, सैल राहिला, आणि त्या शेवटच्या फोटोला उजेड लागला. पुण्यात स्टुडिओवाल्यानं अकराच कॉप्या दिल्या. बारावा खराब म्हणून छापलाच नाही. निगेटिव्ह मात्र पाकिटात राहिली.

त्या पावसाळ्याआधी घरांचे पंचनामे झाले. पंचनाम्याचा कागद मी पुढं पाहिला. दगडी जोतं, पांढऱ्या मातीच्या भिंती, धाबं, सात खण, चार चौकटी, तुळया इतक्या, परड्यात लिंब एक, बोरी दोन. आमच्या अकरा फोटोंत यातलं काहीच नव्हतं. खरं सांगायचं तर घर आम्ही पाहिलं नाही, ते त्या मोजणाऱ्या कारकुनानं पाहिलं. पण त्याच्याही कागदात एक गोष्ट नव्हती. घर एक, कुटुंब एक, कर्ता थोरला, असं त्यात लिहिलं होतं. आमच्या चुली त्याआधी आठ वर्षं वेगळ्या झाल्या होत्या. पूर्वेचे तीन खण आमचे, त्यांना दार वेगळं, उंबरा वेगळा. तो वेगळेपणा कुठंच लिहिलेला नव्हता. पैसे बापूंच्या नावावर आले. नव्या गावठाणातला प्लॉटही.

पुनर्वसनाचा कायदा त्याच १९७६ सालचा. कायदा कुटुंबाला देतो, पण कुटुंब म्हणजे कोण हे कागद ठरवतो. दादा पुण्याला राहत होते, म्हणून ते गावचे राहिले नाहीत, असंही कुणी म्हणालं. बापू म्हणाले, "पुढं वाटून देऊ की." ते पुढं आलंच नाही. दादा नव्या गावात एकदाही गेले नाहीत. बापू वारले तेव्हाही नाहीत. स्वतः जाईपर्यंत 'माझ्या घराला दार होतं' एवढंच म्हणत राहिले. आणि दिवाणखान्यात मात्र तो पहिला फोटो, तिघं भाऊ खांद्याला खांदा लावून हसताहेत. येणारे म्हणायचे, काय एकी आहे! फोटो खोटं बोलत नव्हता. फक्त त्याला पुढचे दोन महिने ठाऊक नव्हते.

बापूंच्या घराला पाण्यानं पुढं हातही दिला. त्यांच्या वाट्याची वरच्या अंगाची थोडी जमीन बुडाली नाही. जलाशयातून पाणी उपसून अण्णानं, म्हणजे त्यांच्या थोरल्या मुलानं, ऊस केला, मग केळी. भावकीतले काही मात्र दुसऱ्या तालुक्यात माळावर गेले, त्यांच्या वाट्याला मुरूम आला. एकाच पाण्यानं एकाला बुडवलं, एकाला तारलं. हे मनात ठेवूनच आमच्याकडं लग्नात जेवायच्या पंगती बसायच्या.

२०१८ चा पाऊस दगा देऊन गेला. २०१९ च्या उन्हाळ्यात उजनी उण्यात गेलं. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ पाण्याबाहेर आलं म्हणून माणसं गाड्या करून बघायला निघाली. आमचंही जुनं गाव उघडं पडलं. अण्णाचा फोन आला, कितीतरी वर्षांनी. "आई म्हणतीय, आखितीचं पाणी औंदा जुन्या जाग्यावर द्यायचं. समद्यांनी या."

मी येताना खाकी पाकीट आणलं. आदल्या वर्षीच पुण्यात सगळ्या निगेटिव्ह स्कॅन करून घेतल्या होत्या आणि तेव्हाच तो बारावा फोटो मी जन्मात पहिल्यांदा पाहिला होता. एका कडेनं पांढरा लोट आलेला. पण मधोमध जोतं, भिंत, मागं मारुतीच्या शिखराचा शेंडा. आणि जोत्यावर दोन दारं. दोन्हींपुढं पायरी, दोन्हींच्या बाजूला एकेक उखळ.

भेगाळलेल्या गाळातून आम्ही चालत गेलो. साठ-पासष्ट माणसं, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात मोबाईल. काही ठिकाणी लोकांनी गाळपेर केली होती. मातीच्या भिंतींचा मागमूस नव्हता. लाकूडफाटा आम्हीच उचलून नेला होता. उरले होते नुसते दगड, आणि कुणाचं घर कोणतं यावर वाद. तरुण पोरं एका जोत्यापुढं सेल्फी घेत होती, ते भलत्याचंच निघालं.

मी फोटो काढला. देवळाचा चौथरा सापडला, त्यावरून नेम धरला आणि पावलं टाकत एका जोत्यापाशी आलो. अण्णानं फोटो हातात घेतला. बराच वेळ बघितला. मग पोरांना म्हणाला, "खोरं आना रं."

वीतभर गाळ ओढल्यावर पहिलं उखळ लागलं. थोरली काकी ऐंशीच्या पुढची, तिला खुर्चीवर बसवून आणलं होतं. ती उठली, वाकून उखळात हात फिरवला. "ह्ये माजं," म्हणाली. मग पूर्वेकडं बोट करून, "पल्याड उकरा. तिकडं ह्याच्या आईचं."

तिथंही उखळ होतं.

कुणी काही बोललं नाही. पैशाचा विषय कुणी काढला नाही, मीही नाही. त्रेचाळीस वर्षांनी त्याचं काय होणार होतं? काकीनं फक्त करे मांडताना एक आपल्या उंबऱ्यावर ठेवला आणि दुसरा माझ्या हातात दिला. "तुज्या बापाचा तू ठेव. तुमच्या दारात." पाणी घालताना मागून एका पोरानं विचारलं, "आजी, पितर तर बाराही महिने पाण्यातच हायत की, त्यास्नी पाणी कशाला?" काकी म्हणाली, "त्ये धरनाचं. ह्ये आपलं."

परतताना अण्णा माझ्याजवळून चालत होता. म्हणाला, "त्यो फोटो मला पाठव." मी पाठवला. आता त्याच्या नव्या बंगल्यात बापूंच्या तसबिरीशेजारी तो लावलेला आहे. उजेड लागलेला, माणूस नसलेला.

त्या दिवशी भावकीनं किती फोटो काढले त्याला मोजदाद नाही. मी मात्र सगळ्यांना एकच सांगत होतो, जरा बाजूला व्हा, मागचे दगड येऊ द्या. पुढच्याच पावसाळ्यात पाणी आलं, दगड परत खाली गेले. आजीचा एकही फोटो आमच्याकडं नाही. पण तिनं सांगितलेला आहे.