फुलदाणी उलटी करा

फुलदाणी उलटी करा. आधी फुलं आणि पाणी काढून ठेवा. आंबिवलीच्या तुमच्या खोलीत खिडकीपाशी उजेड चांगला आहे. कसाऱ्याची गाडी धडधडत जाते तेव्हा काच थरथरते, तेवढी घट्ट धरा. वीतभर उंची, लालसर गुलाबी अंग, तोंडाला चुण्याचुण्यांची झालर. घरात सगळे तिला ‘विलायती’ म्हणतात, पण बनवली कोणी ते कुठेच लिहिलेलं नाही. बुडाच्या मधोमध मात्र रुपयाएवढा गुळगुळीत खळगा आहे. त्यात अंगठा ठेवा आणि डोळे मिटा.

आधी नाकात शिरतो तो दगडी कोळशाचा धूर. मग घामाचा, ओल्या गवताचा आणि शिळ्या बिअरचा वास. उघडा डोळे. तुम्ही इंग्लंडच्या मधोमध, स्टाउरब्रिजजवळच्या वर्ड्सली गावात आहात, आणि साल आहे 1890च्या अलीकडे-पलीकडे. मान वर करा, अजून वर. विटांचा हा पोकळ शंकू 100 फुटांच्या आसपास उंच आहे, आणि तुम्ही त्याच्या पोटात उभे आहात. हा ‘रेड हाउस’ काचकारखाना. हा शंकूच इथलं धुराडं आहे: धूर वरच्या तोंडातून जातो आणि खालच्या भुयारांतला गार वारा भट्टीकडे ओढला जातो. म्हणून तुमच्या पाठीत हिव भरलंय आणि तोंड भाजतंय. जरा मागे सरका, भुवया जळतील.

मधल्या गोल भट्टीत फायरक्लेच्या भल्यामोठ्या मुशी बसवल्या आहेत. त्यांच्या तोंडात बघू नका, डोळ्यांपुढे हिरवे ठिपके नाचतील. कोपऱ्यातल्या मिश्रणाच्या खोलीत चला. पांढरी बारीक वाळू, पोटॅश आणि हा केशरी ढीग. ओळखला? आपल्या रस्त्याकडेच्या मारुतीला फासतात तो शेंदूर, म्हणजे शिशाचं भस्म. हातांना लावू नका, विषारी आहे. याच शिशामुळे तुमची फुलदाणी दिसते त्यापेक्षा जड लागते, आणि कडेवर नखाने टिचकी मारली की नाद लांबत जातो.

गुलाबी रंग? तो सोन्याचा. अम्लराजात विरघळवलेलं सोनं चिमूटभर पडतं, आणि काच मुशीतून निघते ती जवळजवळ बेरंग. पुन्हा तापवली की तिच्यावर लाली चढते. हे घडताना एकदा पाहाच, म्हणून मी तुम्हाला इतक्या लांब आणलंय.

ते चौघं दिसतात ना? त्या टोळीला ‘चेअर’ म्हणतात, कारण मुख्य कारागीर दोन लांब हातांच्या बाकावर बसतो. तो गॅफर. त्याच्या हाताखाली सर्व्हिटर, त्यानंतर बैठक जोडणारा फुटमेकर, आणि धावपळीला एक पोरगा. सहा तास काम, सहा तास सुट्टी, पुन्हा सहा तास. आंबिवलीजवळच्या एनआरसी कारखान्यात पाळ्या केलेल्या माणसाच्या घरात वाढला असाल, तर अर्धवट झोपेचे हे डोळे तुमच्या ओळखीचे असतील.

फुंकनळीच्या टोकावर त्या सोनं पडलेल्या काचेचा छोटा गोळा आहे. सर्व्हिटर तो मुशीत बुडवतो आणि त्यावर नितळ काचेचा थर चढतो. घट्ट होत आलेल्या गुळाच्या पाकासारखी ती ओघळू पाहते, म्हणून नळी एकसारखी फिरत राहते. एक फुंकर, थोडं फिरवणं, दुसरी फुंकर. आता बाकाच्या हातांवर नळी घरंगळते, गॅफर ओल्या लाकडी साच्याने पोट गोल करतो, लाकूड चरचरतं, जळक्या लाकडाचा वास उठतो. कुणी बोलत नाही. गॅफर फक्त हनुवटी हलवतो आणि पोरगा धावतो.

इथे नीट बघा. फुटमेकर एक भरीव सळई आणतो, टोकावर काचेचा जळता थेंब. हिला पॉन्टिल म्हणतात. थेंब बुडाला चिकटतो, वरची फुंकनळी टक्कन सुटते, आणि फुलदाणी आता बुडावर लटकली आहे. तोंड पुन्हा भट्टीत. बाहेर येताना ते मऊ आहे, लाली भरली आहे. गॅफर कात्रीने कड कापतो आणि चुण्या पाडतो, एक, दोन, तीन, हात न थांबता. काच लवकर थिजते, त्याच्याकडे वेळ फार थोडा असतो. तुमच्या झालरीतली एक चुणी बाकीच्यांपेक्षा जरा रुंद आहे ना? ती आत्ता पडली.

सळईवर एक ठोका. बुडाला खरखरीत व्रण राहतो. पोरगा दुतोंडी काठीवर फुलदाणी उचलून लांब बोगद्यासारख्या भट्टीत ठेवतो, तिथे ती सावकाश निवेल. घाईने निवली तर तडकेल. मग व्रण चाकावर घासून गुळगुळीत करायचा. तुमचा अंगठा ज्यात आहे तो खळगा हाच.

मग नाव का नाही? कारण दुकानदाराला दुसऱ्याचं नाव नको असतं. गिऱ्हाइकाने त्याच्याकडेच परत यावं. हे रेड हाउस 1881पासून फ्रेडरिक स्टुअर्टच्या ताब्यात आहे, पण काचेवर ‘स्टुअर्ट’ कोरणं सुरू झालं ते 1927पासून. काही नगांवर ‘आरडी’ आणि आकडा सापडतो. ही 1884पासूनची नक्षीची सरकारी नोंद. आकड्यावरून नोंदवणारा कळतो, पण तो कधी कारखानदार असतो, कधी दुकानदारही. मोराचं डोकं उमटलेलं दिसलं तर ती गेट्सहेडच्या सॉवर्बीची साच्यात दाबलेली काच, फुंकलेली नव्हे.

शंकूबाहेर या, गार हवा घ्या. समोर कालवा, त्यावर कोळशाच्या नावा. पंचक्रोशीतच रिचर्डसन, थॉमस वेब, स्टीव्हन्स अँड विल्यम्स यांची धुराडी आहेत. कारागीर इकडून तिकडे जातात, आणि हातातली ढब बरोबर नेतात. म्हणूनच नुसत्या झालरीवरून ‘वेबची आहे’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या विक्रेत्यावर माझा विश्वास नाही. त्यात बोहेमियाचे कारखाने अशाच गुलाबी फुलदाण्या बनवत होते. आज त्यांतल्या कितीतरी इंग्लिश म्हणून विकल्या जातात. कडेच्या जाडीत आतल्या बाजूला लाल आणि बाहेर नितळ थर दिसतोय, बुडावर वर्षानुवर्षांचे वेडेवाकडे चरे आहेत, म्हणजे जुनेपणाचा अंदाज पक्का होतो. एवढ्याने कारखाना मात्र ठरत नाही.

तो ठरतो या शेवटच्या खोलीत. बायका गवतात फुलदाण्या गुंडाळून खोक्यांत भरताहेत, गवताचा चुरा नाकात जाऊन तुम्हाला शिंक येते, त्या हसतात. पलीकडे उंच मेजावर कारकून प्रत्येक नव्या घाटाचं चित्र वहीत काढतो आणि बाजूला आकडा लिहितो. या पट्ट्यातल्या बड्या कारखान्यांच्या अशा वह्या आजही जपलेल्या आहेत, आणि फुलदाणीला बाप सापडला तर तो त्यांतच सापडतो. कारकुनाच्या खांद्यावरून वाका. हे तोंड, हे पोट, तीच झालर. शाई ओली आहे, तो पान उलटायच्या आत आकडा वाचून घ्या.