गुप्त मताची बखर

सरकारास प्रजेचे नाव ठाऊक असावयाचे ते सारा वसूल करण्यापुरते, ही आमच्या मुलखातील जुनी रीत होती; खातेवहीत ज्याच्या नावापुढे आकार लिहिलेला असे तो सरकारदरबारी गणला जाई, आणि त्याच्या शेतात राबणारे, त्याच्या घरात नांदणारे व गावकुसाबाहेर राहणारे असंख्य जीव दप्तराच्या दृष्टीने जणू नव्हतेच. 1919 च्या सुधारणांन्वये मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळासाठी जो मताधिकार मिळाला तोही याच दप्तरातून उगवला; ठरावीक सारा भरणारा खातेदार, प्राप्तिकर देणारा व्यापारी, पलटणीतून निवृत्त झालेला शिपाई, एवढ्यांपुरताच तो होता. 1935 च्या कायद्याने कुंपण काहीसे मागे सरकले, तरी प्रौढ प्रजेतील बहुसंख्य लोक त्याच्या बाहेरच राहिले. मामलेदार कचेरीत उमेदवार म्हणून शिरून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्यास या पूर्वपीठिकेचे अगत्य वाटावे हे साहजिक आहे, कारण ज्या तलाठ्याने काल साऱ्याची बाकी मागितली त्यानेच आज दारी येऊन मतदारयादीसाठी घरातील सर्व प्रौढांची नावे विचारावी, यात केवढी उलथापालथ सामावलेली होती हे कचेरीत बसणारासच नीट उमगते.

ही यादी करण्याचे काम राज्यघटना मंजूर होण्यापूर्वीच सुरू झाले होते, आणि 1951 च्या शिरगणतीप्रमाणे शंभरातील अठराच माणसे साक्षर असलेल्या या देशात सुमारे सतरा कोटी मतदारांची नोंद झाली. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढील अडचणी मात्र केवळ निरक्षरतेच्या नव्हत्या. उत्तरेकडील प्रांतांत लक्षावधी स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगण्याचे नाकारून ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढीच ओळख दिली, आणि सेन यांनी अशी सुमारे 28 लाख नावे यादीतून गाळण्याचा कठोर निर्णय घेतला. तो निर्णय तेव्हा अनेकांस रुचला नाही. मला मात्र तो त्या पदावरून झालेल्या थोर कृत्यांपैकी एक वाटत आला आहे, कारण पुढच्या निवडणुकीच्या वेळी स्त्रियांना स्वतःच्या नावाने यादीत यावेच लागले.

त्या पहिल्या निवडणुकीत मतपत्रिकेवर खूण करावयाची नसे. नाशिकच्या सरकारी छापखान्यात छापलेली कोरी पत्रिका हाती घेऊन मतदाराने कनातीआड जावे, आणि तेथे प्रत्येक उमेदवाराची जी निराळी पोलादी पेटी मांडलेली असे, बैलजोडीची, झाडाची, झोपडीची, हत्तीची, त्यांतील आपल्या पसंतीच्या पेटीत ती टाकावी, अशी योजना होती. लाखो पेट्या लागल्या आणि त्यांतील पुष्कळशा मुंबईजवळ विक्रोळीस गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. मतमोजणीच्या वेळी कित्येक पेट्यांतून फुले, नाणी आणि सरकारास उद्देशून लिहिलेले अर्जही निघाले, याचे शहरी सुशिक्षितांनी पुष्कळ हसे केले. परंतु ज्या रयतेचा सरकारशी आजवरचा सारा व्यवहार अर्ज आणि नजराणा यांतूनच झाला होता, तिने पेटीत आणखी काय घालावे, हे त्या हसणारांनी सांगावयास हवे होते. पद्धतीत एक वैगुण्य मात्र खरेच होते. पत्रिका कोरी असल्यामुळे ती पेटीत न टाकता खिशातून बाहेर आणता येई आणि दलालास विकता येई.

1957 ची निवडणूकही याच पेट्यांवर झाली, पण आमच्याकडे तीत गुप्तता औपचारिकच उरली होती. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर गावेच्या गावे उघडपणे समितीच्या मागे उभी राहिली, साताऱ्याहून क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेत गेले, आणि कऱ्हाडास खुद्द यशवंतराव चव्हाण थोडक्या मतांनी निभावले. 1962 मध्ये एकाच पत्रिकेवर सर्वांची नावे व चिन्हे छापून शिक्का मारण्याची पद्धत देशभर आली. माझे पहिले मत त्याच शिक्क्याचे.

गुप्त मतदानाचे खरे मोल मला कळले ते 1977 साली. आणीबाणी पुरती उठली नव्हती, कचेरीत कोणी मोठ्याने बोलत नसे, आणि गावोगाव निवडणुकीच्या तयारीस हिंडताना कोणासही कल विचारला तर ‘बघू की’ यापलीकडे उत्तर मिळत नसे. पेट्या उघडल्या तेव्हा उत्तर प्रदेश व बिहार मिळून काँग्रेसला एकही जागा उरली नव्हती, रायबरेलीस खुद्द पंतप्रधान पराभूत झाल्या होत्या, आणि महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक जागा त्या पक्षाच्या हातून गेल्या. एवढा मोठा निर्णय इतक्या लोकांनी मनात बाळगला आणि त्याचा सुगावा सत्तेस लागला नाही, याचे श्रेय मी त्या पडद्यास देतो.

मतपत्रिकांच्या त्या जमान्यात मोजणीपूर्वी निरनिराळ्या केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळण्याची तरतूदही पुढे झाली. पिंपात घालून पत्रिका कालवण्याचे ते काम आम्हां कारकुनांस कंटाळवाणे वाटे, परंतु त्यामुळे अमुक वाडीने कोणाच्या पारड्यात काय टाकले हे कोणास सांगता येत नसे. यंत्राने ही सोय गेली. केरळात परवूर येथे 1982 मध्ये प्रथम वापरलेले, 1984 मध्ये कायद्याच्या आधाराअभावी सर्वोच्च न्यायालयाने अमान्य ठरविलेले, आणि कायदा दुरुस्त झाल्यानंतर 2004 मध्ये देशभर आलेले हे मतदानयंत्र बनावट मतपत्रिका व बाद मते यांपासून आपणांस सोडविते, हे मी मान्य करतो. त्याच्यावर ऊठसूट घेतल्या जाणाऱ्या संशयात मी सामील नाही. माझी तक्रार निराळी आहे. यंत्राचा आकडा केंद्रवार निघतो व केंद्रवारच प्रसिद्ध होतो; त्यामुळे तीनचारशे मतांच्या वाडीचा कौल निकालाच्या दिवशीच पुढाऱ्याच्या हाती कागदावर पडतो. त्यातच सरकारी योजनांच्या लाभार्थ्यांच्या याद्या आता गावोगाव तयार आहेत. एकेकाळी सरकारास देणारांच्या वहीतून मतदार निवडला जाई; आता सरकारकडून घेणारांची वही मतदाराच्या शेजारी ठेवून पाहण्याचा मोह सर्वच पक्षांस होतो, आणि रस्ता, नळ, विहीर यांची मंजुरी अडली की वाडीतील म्हातारी माणसे कारण विचारावयास कचेरीत न जाता थेट निकालाचा कागद आठवतात.

उपाय अवघड नाही. अनेक यंत्रांची बेरीज एकदम करणारे यंत्र वापरावे, असे निवडणूक आयोगाने 2008 पासून सुचविले आहे. विधी आयोगानेही 2015 मध्ये तशीच शिफारस केली. केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात त्यास विरोध दर्शविताना असे म्हटले की, केंद्रवार आकडे कळल्याने कोठे अधिक काम करावयास हवे हे उमेदवारांस समजते. माझ्या नोकरीत अशी कारणे लिहिलेले पुष्कळ कागद मी शेरा मारून वर पाठविले आहेत, आणि याही कागदावर माझा शेरा एवढाच पडला असता, की काम कोठे हवे हे ज्यास पाहावयाचे आहे त्याने पाणीटंचाईचा तक्ता मागवावा. तो दर उन्हाळ्यात तहसील कचेरीत तयार असतो.