पाच गावांचा जर्मनी

माझा भाचा गेली चार वर्षे जर्मनीत श्टुटगार्टला इंजिनीअर आहे. यंदा गौरीगणपतीत त्याचा फोन आला. "मावशी, येत्या मे महिन्यात तुम्ही तिघे याच. मला दहा दिवसांची रजा मिळेल. मात्र कोणती गावे पाहायची ते आताच ठरवून कळव, आणि पाचांच्या वर धरू नकोस. नाही तर सगळी सुट्टी सामान बांधण्यात आणि सोडण्यातच जाईल."

मला हे काम अर्ध्या तासाचे वाटले. अठरा वर्षे मी शाळेत इतिहास शिकवीत आहे. बिस्मार्क, कैसर, हिटलर ही नावे तर माझ्या रोजच्या तोंडातली! रात्री जेवणे उरकल्यावर जमिनीवर जर्मनीचा नकाशा पसरला आणि आम्ही तिघे त्याच्याभोवती बसलो. ह्यांनी पहिले नाव घेतले ते म्यूनिकचे, कारण तिथे यंत्रांचे प्रचंड संग्रहालय आहे. नववीतल्या लेकीने एका चित्रावर बोट ठेवले. डोंगराच्या कड्यावर उभा असलेला, पांढऱ्याशुभ्र मनोऱ्यांचा नॉयश्वानश्टाइनचा किल्ला. मी गटिंगेन म्हटले, वायमार म्हटले. मग कोलोन, हायडेलबर्ग, ल्यूबेक, न्यूरेंबर्ग, ड्रेस्डेन अशी भर पडत गेली. तासाभराने मोजले तो बावीस गावे!

फ्रान्सला जायचे असते तर पॅरिस म्हणून मोकळे होता आले असते. इंग्लंडात लंडन पाहिले की निम्मे काम झाले. जर्मनीत तसे का होत नाही, याचे उत्तर त्या देशाच्या इतिहासातच आहे. तीस वर्षांचे युद्ध संपून 1648 साली वेस्टफालियाचा तह झाला, तेव्हा जर्मन भाषा बोलणारा मुलूख तीनशेहून अधिक लहानमोठ्या राज्यांत विभागलेला होता. कुठे राजा, कुठे ड्यूक, कुठे बिशप, तर कुठे आपला कारभार आपणच पाहणारे व्यापाऱ्यांचे शहर. नेपोलियन गेल्यावर 1815 साली घडी पुन्हा बसवली, तेव्हाही 39 राज्ये उरली. एक जर्मनी झाला तो 1871 च्या जानेवारीत, आणि त्याची घोषणाही परक्या भूमीवर, फ्रान्समधल्या व्हर्साय येथील आरसेमहालात झाली. म्हणजे बर्लिन ही साऱ्या जर्मनीची राजधानी झाली, त्याला अजून पुरती दोनशे वर्षेही झालेली नाहीत.

आपल्या वाचकांना हे समजायला जड जाऊ नये. सांगली, मिरज, जमखिंडी, औंध यांच्या आठवणी सांगणारी माणसे आपल्या घराघरांतून होती. संस्थान लहान असले तरी राजाला हौस असली म्हणजे गावाचे नशीब उघडते. सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांनी पाठ थोपटली आणि 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. त्याच्या अडुसष्ट वर्षे आधी वायमारला असेच घडले होते. जेमतेम सहा हजार वस्तीचे ते गाव. तिथल्या तरुण ड्यूकने 1775 साली सव्वीस वर्षांच्या एका लेखकाला बोलावून घेतले. तो लेखक म्हणजे गटे. तो आला आणि 1832 साली मरेपर्यंत तिथलाच होऊन राहिला. त्याने कारभार पाहिला, नाटकशाळा चालवली, 'फाउस्ट' लिहिले. आपल्या कालिदासाचे शाकुंतल 1791 साली जर्मन भाषेत उतरले, तेव्हा ते वाचून हरखून गेलेला गटे तो हाच. पुढे शिलर त्याच्या शेजाराला आला. सहा हजारांच्या गावात एका भाषेचे दोन महाकवी! वायमार यादीत पक्के झाले, त्यावर वाद झाला नाही. वाद पुढे व्हायचा होता.

आधी लेकीच्या किल्ल्याची गोष्ट सांगते. चित्र पाहून तिला वाटले की, हा शिवाजीमहाराजांच्याही आधीचा असेल. मी तारखा काढून दाखवल्या. त्या किल्ल्याचा पाया 1869 साली घातला गेला. आपली बोरघाटातली आगगाडी 1863 ची, म्हणजे ती या किल्ल्याहून वडील! बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविग राजाने तो बांधला. 1866 च्या युद्धात प्रशियाने त्याचा पराभव केला होता, आणि 1871 नंतर नावाचे राजेपण तेवढे त्याच्या हाती उरले. ज्याला राज्य करता येईना, त्याने नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या कलावंताकडून आराखडे काढून घेतले आणि जुन्या काळचा किल्ला नव्याने उभारला. कर्ज डोंगराएवढे झाले. 1886 साली त्याला वेडा ठरवून पदच्युत केले, आणि थोड्याच दिवसांत तो तळ्यात बुडून मेला. किल्ला अपुराच राहिला. आपली मुले दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करतात, मावळे मांडतात आणि चार दिवस आपले राज्य आहे असे मानतात. लुडविगने तेच दगडात केले. हे ऐकून लेकीचा उत्साह मावळेल असे मला वाटले होते. ती म्हणाली, "मग तर पाहायलाच हवा!" किल्ला राहिला. श्टुटगार्टहून एका दिवसात जाऊन येता येते.

त्या रात्री मला जाणवले की, जर्मनीत 'जुने' हा शब्द जपून वापरावा लागतो. न्यूरेंबर्ग हे मध्ययुगातले नामांकित शहर, आल्ब्रेख्त ड्यूररची जन्मभूमी. 2 जानेवारी 1945 च्या रात्री बाँबच्या वर्षावात त्याचा जुना भाग जवळजवळ सगळा पडला. आज दिसतो तो पुष्कळसा नंतर पुन्हा रचलेला. पण न्यूरेंबर्ग मी धरले ते निराळ्या कारणाने. तिथेच हिटलरच्या पक्षाची प्रचंड संमेलने भरत, ते दगडी मैदान अजून आहे. तिथेच 1935 साली ज्यूंचे नागरिकत्व हिरावणारे कायदे जाहीर झाले. आणि 1945 च्या नोव्हेंबरात नाझी पुढाऱ्यांवर खटला उभा राहिला तोही याच गावी, न्यायालयाच्या 600 क्रमांकाच्या दालनात. गुन्हा आणि न्याय एका गावात इतके जवळजवळ फारसे कुठे पाहायला मिळत नाहीत.

ड्रेस्डेनची कथा याहून करुण. 1945 च्या फेब्रुवारीत इंग्रज आणि अमेरिकन विमानांनी ते जाळले. सुमारे 25,000 माणसे मेली. फ्राउएनकिर्श हे तिथले घुमटाचे थोरले चर्च दोन दिवस आगीत तापून 15 तारखेला कोसळले. पुढे चार दशकांहून अधिक काळ तो दगडांचा ढीग चौकात तसाच होता. दोन्ही जर्मनी 1990 साली एक झाल्यावर बांधकाम निघाले आणि 2005 साली चर्च पुन्हा उभे राहिले. ढिगातले जे दगड कामाचे निघाले ते निवडून त्यांच्या जुन्या जागी बसवले. ते काळे पडलेले, नवे फिके पिवळे. त्यामुळे भिंतीवर आजही ठिपके दिसतात. वरचा सोन्याचा क्रूस लंडनच्या ज्या कारागिराने घडवला, त्याचे वडील ड्रेस्डेनवर बाँब टाकणाऱ्या वैमानिकांपैकी होते. हे वाचल्यावर ड्रेस्डेन गाळण्याचा प्रश्नच उरला नाही.

आता गटिंगेन. हे नाव माझे एकटीचे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणारे डॉ. फ्रान्झ कीलहॉर्न पुढे तिथे प्राध्यापक झाले आणि 1908 साली तिथेच वारले. पतंजलीच्या महाभाष्याची त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती मुंबईत छापली गेली. आपल्या रामकृष्णपंत भांडारकरांना 1885 साली सन्मानाची पदवी दिली ती याच गटिंगेनच्या विद्यापीठाने. तेथल्या एखाद्या जुन्या इमारतीपुढे घटकाभर उभे राहावे, एवढीच माझी इच्छा होती.

आणि वाद झाला तो इथे. वायमारपासून आठ किलोमीटरवर एटर्सबर्ग नावाची टेकडी आहे. गटे तिथल्या रानात फिरायला जात असे. 1937 साली नाझींनी ते रान तोडून तिथे बूखेनवाल्ड ही छळछावणी उभारली. तोडताना एक ओक वृक्ष तेवढा राखला. कैदी त्याला गटेचा ओक म्हणत. आठ वर्षांत तिथे सुमारे 56,000 माणसांचे प्राण गेले. 11 एप्रिल 1945 रोजी अमेरिकन सैन्य येऊन पोहोचले. पाच दिवसांनी सेनापतीच्या हुकमाने वायमारच्या सुमारे हजार नागरिकांना टेकडी चढून ते सारे पाहावे लागले. छावणीच्या लोखंडी दारात अक्षरे आहेत, 'ज्याचे त्याला' अशा अर्थाची. ती आतल्या कैद्यांना वाचता यावीत अशी बसवलेली आहेत.

मी म्हटले, वायमार पाहायचे तर टेकडीही पाहायची. हे म्हणाले, "अगं, पंधरा वर्षांची पोर आहे. आयुष्यात एकदा परदेशी जायचे, ते आनंदासाठी की हे पाहायला?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मला लगेच उत्तर सुचले नाही. मी त्यांना माझ्या वर्गातली एक गोष्ट सांगितली. पाच-सहा वर्षांपूर्वी नाझींचा पाठ चालला होता. मागल्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, त्या लोकांना वाचायला येत नव्हते का?" सारा वर्ग हसला. मी मात्र गप्प झाले. वाचायला येत होते. घरोघरी गटे होता, शिलर होता. आपण मुलांना सांगत असतो, शिका, वाचा, म्हणजे माणूस व्हाल. त्या टेकडीपुढे हे वाक्य अपुरे पडते, आणि मी शिक्षिका आहे, पुस्तकेही लिहिते. तो मुलगा शाळा सोडून गेला. त्याचा प्रश्न माझ्यापाशी राहिला.

हे बराच वेळ बोलले नाहीत. लेकच म्हणाली, "मी येईन. पण आई, तिथे मला काही समजावून सांगत बसू नकोस." ह्यांनी मान हलवली आणि म्यूनिकवर आपणहून काट मारली. मग मीही गटिंगेनवर मारली. दिवस पुरतच नव्हते, आणि ह्यांनी यंत्रे सोडल्यावर मी कीलहॉर्न धरून बसणे शोभले नसते.

शेवटचे गाव बर्लिन. भिंत 13 ऑगस्ट 1961 ला उभी राहिली, 9 नोव्हेंबर 1989 ला उघडली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझे लक्ष डालेम या उपनगरावर आहे. 'युगान्त'च्या इरावतीबाई कर्वे तिथल्या मानववंशशास्त्राच्या संस्थेत शिकल्या आणि 1930 साली डॉक्टर झाल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर युरोपीय वंश श्रेष्ठ मानणारे. माणसाच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात, त्याचा वंशाशी काही संबंध आहे काय, हा बाईंचा विषय. गुरूला काय आवडेल ते त्यांना कळत नव्हते असे नाही. त्यांनी कवट्या मोजल्या आणि संबंध दिसत नाही असेच लिहिले. पुढे फिशर यांनी आपले शास्त्र नाझींच्या सेवेला लावले. वाचायला दोघांनाही येत होते.

तेव्हा श्टुटगार्ट, न्यूरेंबर्ग, वायमार, ड्रेस्डेन, बर्लिन अशी पाच गावे ठरली. किल्ला श्टुटगार्टच्या मुक्कामात. भाच्याला यादी कळवली. तो म्हणाला, "मावशी, ही सहा झाली. वायमार आणि बूखेनवाल्ड."

मी म्हटले, "नाही रे, पाचच. ते एकच गाव आहे."