राज्य गेले, शिक्का राहिला

तिकिटे जमविणाऱ्यांत दोन जाती आहेत. एक जात तिकीट पाण्यात भिजवून सोडविते आणि पाकीट फेकून देते. दुसरी पाकीटच जपते. मी दुसऱ्या जातीचा, आणि त्याला कारण गोवा. शिक्क्याचे अर्धे वर्तुळ तिकिटावर आणि अर्धे पाकिटावर असते. तिकीट सोडविले की गाव एकीकडे, तारीख दुसरीकडे!

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्यातली पोर्तुगीज सत्ता संपली. टपालातून मात्र ती इतक्या झटपट निघाली नाही. भारतीय तिकिटे तेथे चालू झाली २९ डिसेंबरला, आणि जुनी ५ जानेवारी १९६२ पर्यंत स्वीकारली जात होती. या संधिकाळातल्या काही पाकिटांवर दोन्ही सरकारांची तिकिटे शेजारी शेजारी बसलेली दिसतात. एकाची किंमत सेंतावोंत, दुसऱ्याची नव्या पैशांत. गोव्यातला सेंतावो तरी कुठे जुना होता? रुपया-टांग्यांची मोजणी मोडून तो आला १९५९ साली. बाजारहाट करणाऱ्या माणसाने तीन वर्षांत तीन हिशेब शिकायचे!

तिकिटे बदलणे त्या मानाने सोपे. शिक्का धातूचा, तो नवा घडवावा लागतो, गावोगाव पोचवावा लागतो. म्हणून जुने शिक्के १९६२च्या मेपर्यंत चालवून घेतले गेले. भारताच्या नकाशाचे तिकीट आणि त्यावर पोर्तुगीज वर्णांत उमटलेले गावाचे नाव, हे पाकीट हाती आले की मी घटकाभर ते खाली ठेवीत नाही. अर्थात, अशा वेळी हौशी मंडळी स्वतःच्याच पत्त्यावर पाकिटे टाकतात. ती फार नीटनेटकी असतात. मला आवडते ते एखाद्या दुकानदाराचे, कडा फाटलेले, घाईत पत्ता खरडलेले पाकीट. त्याला इतिहास घडवायचा नव्हता, माल मागवायचा होता.

गेलेला मुलूख तिकिटावर सांभाळण्याची पोर्तुगीजांना जुनीच खोड. १९५७च्या सुमारास त्यांनी इथल्या तिकिटांवर वसईचा सतराव्या शतकातला नकाशा छापला. वसई तर चिमाजीअप्पांनी १७३९ सालीच घेतलेली! गोवा गेल्यावरही लिस्बनने त्याच्या नावाची तिकिटे काढलीच. भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले ते १९७४च्या अखेरीस. ती तिकिटे गोव्यातल्या एकाही टपालकचेरीत विकली गेली नाहीत. दिसायला देखणी आहेत, पण माझ्या संग्रहात मी त्यांना जागा दिलेली नाही.