सेवाग्रामची सावली आणि फोटोशॉपची सावली

फोटोशॉप हाताळलेल्या प्रत्येकाने एकदा तरी 'ड्रॉप शॅडो' मारलेली असतेच. लग्नपत्रिका, चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स, ऑफिसचं प्रेझेंटेशन... अक्षराखाली सावली हवीच!

पण हे एका क्लिकचं काम पूर्वी भलतंच किचकट होतं. फोटोशॉपची पहिली आवृत्ती आली १९९० साली. लेअर्स आले १९९४ साली, ३.० मध्ये. तोपर्यंत आकार वेगळ्या चॅनेलमध्ये कॉपी करा, थोडा सरकवा, ब्लर करा, मग तेवढा भाग गडद करा, असा द्राविडी प्राणायाम. १९९८ च्या ५.० मध्ये लेअर इफेक्ट्स आले आणि सावली चेकबॉक्सवर येऊन बसली.

गोची अशी की ही सावली वस्तूला भिंतीसमोर तरंगणारा पुठ्ठा समजते. अक्षरांना ते चालतं. माणूस मात्र जमिनीवर उभा असतो.

आता जरा मागे जाऊ, वर्धा जिल्ह्यात. गांधीजी एप्रिल १९३६ मध्ये शेगावला राहायला आले, तेच पुढे सेवाग्राम झालं. तिथे त्यांच्या पुतण्याचा मुलगा, विशीतला कनू गांधी, याला फोटो काढायचे होते. घनश्यामदास बिर्लांनी १०० रुपये दिले, त्यातून रोलायफ्लेक्स कॅमेरा आणि रोल आला. बापूंच्या अटी तीन: फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचं नाही, आणि आश्रम पैसे देणार नाही!

पहिली अट फोटोग्राफरसाठी केवढी जाचक बघा. मातीच्या भिंतींची कुटी, दारा-खिडकीतून येईल तेवढाच उजेड, फिल्म आजच्या मानाने मंद. पण फायदाही तिथेच आहे. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश माणसाच्या मागे भिंतीवर कडक काळी आकृती उमटवतो. फ्लॅश नाही म्हटल्यावर सावली पडेल तशी घ्यायची. १९३८ ते १९४८ अशी दहा वर्षं कनूभाईंनी हेच केलं.

खरी सावली करायची तर याच वर्ध्याच्या उन्हाला विचारा. अक्षांश सुमारे २०.७. मे अखेरीस भरदुपारी सावली पायाखालीच नाहीशी होते. २२ डिसेंबरच्या माध्यान्ही ती जवळजवळ आपल्या उंचीएवढी असते. म्हणजे स्वेटर घातलेल्या माणसाला उन्हाळ्यातली बुटकी सावली लावली, की फसलं! दुसरं, सूर्य हा बिंदू नाही, आकाशात अर्ध्या अंशाची थाळी आहे. त्यामुळे टाचेजवळ सावलीची कड धारदार, डोक्याकडे धूसर. कड जमिनीपासून १ मीटरवर असेल तर धूसर पट्टा साधारण ९ मिलिमीटर. म्हणून सगळीकडे सारखा ब्लर दिला की डोळ्याला खटकतं. आणि सावली निव्वळ काळी नसते, आकाशाच्या उजेडाने किंचित निळसर असते.

हे सगळं जमवलं की फोटो खरा वाटतो. पण 'वाटतो' आणि 'आहे' यात अंतर आहे ना! जुलै १९४६ मध्ये मुंबईच्या काँग्रेस बैठकीत मॅक्स डेस्फर यांनी गांधी-नेहरू हसताना टिपले. त्यातून नेहरूंना काढून तिथे एक बाई बसवलेला बनावट फोटो वर्षानुवर्षं फिरतोय. अशा वेळी वस्तूच्या टोकापासून तिच्या सावलीच्या टोकापर्यंत रेषा ओढून बघतात. दिवा एकच असेल तर सगळ्या रेषा एकाच ठिकाणी मिळायला हव्यात. मात्र ही परीक्षा एकतर्फी आहे. रेषा जुळल्या नाहीत तर फोटोवर संशय घेता येतो, जुळल्या म्हणून तो खरा ठरत नाही. बनवणारा हुशार असेल तर रेषाही जुळवेल, आणि आता तर एआय हाताशी आहे.

नेहरूंना पुसणारा फोटो ठामपणे खोटा म्हणता येतो, कारण मूळ फोटो उपलब्ध आहे. कनूभाईंचे फोटो २०१५ साली पुस्तकरूपाने आले, त्याचं महत्त्व मला म्हणूनच जास्त वाटतं. ज्याचं मूळ जपलंय, त्यालाच उद्या कुणी बदललं तर पकडता येईल. तेव्हा मंडळी, सावल्या जरूर बनवा, पण मूळ फाईल डिलीट करू नका!